अंदाज चुकला, पैसे वाचले: रबाळ्यातल्या एका कारखान्याची केस

आधीच सांगतो, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं टाकलेली नाहीत आणि कारखान्याचे आकडे गोल केलेत. बाहेरचं जे आहे, म्हणजे रेपो रेट (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो), ड्युटी, तारखा, ते जसंच्या तसं आहे. सर म्हणजे कारखानदारांना भाव आणि व्याज कुठे जाईल याचा अंदाज फी घेऊन सांगणारे अर्थतज्ज्ञ. मी तेव्हा त्यांच्याकडे असिस्टंट होतो, एक्सेल माझं, टायपिंग माझं, आणि क्लायंटकडे गेलं की चहाचे कप उचलायचं कामही बऱ्याचदा माझंच.

सरांचं ऑफिस ठाण्याला नौपाड्यात, जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी फोर्टला एका बँकेच्या रिसर्च डिपार्टमेंटला होते, बरीच वर्षं, मग सोडून स्वतःचं सुरू केलं. लोक विचारतात हे काम करायला लायसन्स कुठलं लागतं. तर गंमत अशी की कुठलंच नाही. शेअर कुठला घ्या ते फी घेऊन सांगायचं असेल तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे, रजिस्ट्रेशन लागतं, २०१३ पासून तसे नियमच आहेत, ऑडिटवर सही करायची तर सीए लागतो, पण पुढच्या वर्षी देशात मंदी येणार की तेजी हे सांगायला तुम्ही फक्त तोंड उघडायचं. त्यामुळे या धंद्यात नंदीबैलवाले पण भरपूर आहेत, गुबूगुबू वाजवायचं, मान हलवायची, पाऊस पडला की दक्षिणा.

सर तसे नव्हते, पण कधीकाळी तेही त्याच वाटेवर होते असं तेच सांगायचे. २००८ च्या जुलैमध्ये क्रूड १४७ डॉलरला गेलं तेव्हा त्यांनी बँकेच्या नोटमध्ये अजून बरंच वर जाईल असं ठोकून दिलं होतं, आणि डिसेंबरात तेच क्रूड ४० च्या खाली. बॉस काही बोलला नाही म्हणे, नुसती नोट प्रिंट काढून टेबलावर ठेवली. तेव्हापासून सरांनी एक वही घातली, लांब लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीला असते तसली. प्रत्येक अंदाज तारीख टाकून, टक्का टाकून लिहायचा, आणि निकाल लागला की समोर मार्क टाकायचे. मार्क द्यायची पद्धत हवामानवाल्यांची, ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० साली मांडलेली. सोपी आहे. तुम्ही म्हणालात ८० टक्के होईल आणि झालं, तर १ वजा ०.८ म्हणजे ०.२, त्याचा वर्ग ०.०४. झालं नाही तर ०.८ चा वर्ग, ०.६४. जेवढा आकडा कमी तेवढे तुम्ही भारी, आणि दरवेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात. सरांची सरासरी ०.२ च्या आसपास असायची, म्हणजे नाणं उडवणाऱ्यापेक्षा जरा बरी, एवढंच. हे ते स्वतः क्लायंटला सांगायचे. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा होता असं माझं तेव्हाही मत होतं, आत्ताही आहे.

आता केस.

भाऊंचा कारखाना नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स बनवायचे. माणूस आयटीआय झालेला, वागळे इस्टेटला भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क करत करत रबाळ्याला स्वतःच्या शेडपर्यंत आलेला. महिन्याला साधारण ४० टन पत्रा लागायचा, तो कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून यायचा. लॉकडाऊन उठलं तेव्हा, २०२० च्या मध्याला, एचआर (हॉट रोल्ड, म्हणजे गरम लाटलेला) पत्रा किलोला चाळीस रुपयांच्या खाली होता, आणि मग तो जो चढत गेला तो थांबेचना. त्यात २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, कोकिंग कोल, म्हणजे स्टीलला लागणारा कोळसा, महाग, युरोपात स्टीलची ओढ, आपल्या मिल दर पंधरा दिवसांनी रेट वाढवायला लागल्या. एप्रिलमध्ये भाव पंचाहत्तरच्या पुढे, वर १८ टक्के जीएसटी वेगळा.

एप्रिलच्या मध्यावर भाऊंचा फोन, सर तातडीने या. गेलो. केबिनमध्ये कूलर चालू, बाहेर प्रेस ब्रेकचा, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनचा, धाड धाड आवाज, आणि भाऊंसमोर कागदावर एकच आकडा लिहून गोल केलेला: १६०. म्हणजे १६० टन. कळंबोलीचा व्यापारी म्हणत होता एक तारखेला मिल परत वाढवणार, आत्ता बुक करा, पंचाहत्तरने देतो, चार महिन्यांचा माल एकदम उचला. म्हणजे एक कोटी वीस लाखांचा माल. बँकेत कॅश क्रेडिटची लिमिट ९० लाख, त्यातले ४० आधीच वापरलेले, उरलेल्यासाठी भाऊ राहत्या फ्लॅटवर लोन काढायला निघाले होते. वहिनींची सही सुद्धा झाली होती म्हणाले.

"सर, एकच सांगा, भाव वर जाणार की नाय?"

सरांनी वही काढली. "भाऊ, ऑगस्टपर्यंत वर जाण्याची शक्यता ७० टक्के, पाचेक रुपये. २० टक्के आहे तिथेच राहील. १० टक्के जोरात खाली, धरा पंधरा रुपये."

"सत्तर म्हंजे पक्कंच की!" भाऊंनी फोन उचललाच व्यापाऱ्याला लावायला.

इथे सरांनी जे केलं त्याच्यासाठी खरं तर ही केस लिहितोय. त्यांनी भाऊंच्या हातातून फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला आणि मला म्हणाले, लॅपटॉप उघड. ४० टन तर तसाही लागणारच, म्हणजे जुगार आहे तो वरच्या १२० टनाचा. भाव पाच रुपये चढला तर वाचणार ६ लाख. पंधरा उतरला तर जाणार १८ लाख. सत्तर टक्क्याने ६ लाख म्हणजे ४ लाख २०, त्यातून दहा टक्क्याने १८ लाख म्हणजे १ लाख ८० वजा, राहिले २ लाख ४० हजार. आता व्याज. पहिला महिना १२० टन पडून, दुसरा ८०, तिसरा ४०, मिळून २४० टन एक महिना ठेवल्यासारखं, साडेदहा टक्क्यांनी त्याचं व्याज होतं १ लाख ५७ हजार. हातात राहिले ऐंशी-ब्याऐंशी हजार.

"म्हणजे भाऊ, माझा अंदाज बरोबर आहे असं धरूनसुद्धा," सर म्हणाले, "तुम्ही राहतं घर गहाण टाकून ऐंशी हजार कमवायला निघालात. आणि दहात एकदा वर्षाचा बराचसा नफा धुऊन निघणार." भाऊंचा वर्षाचा नफा तेव्हा पंचवीसेक लाख होता.

भाऊ गप्प. मग जे बोलले ते कारखानदाराचं उत्तर होतं, चूक नव्हतं ते: "पण सर, शेजारच्याने उचललाय माल. उद्या भाव ऐंशी झाला तर तो माझ्यापेक्षा स्वस्तात कोट करेल आणि माझी ऑर्डर घेऊन जाईल. ते तुमच्या एक्सेलमध्ये कुठंय?"

नव्हतं. सरांनी मान्य केलं, नाहीये म्हणाले. त्यावर बरीच चर्चा झाली, ती सगळी लिहीत नाही, पण शेवटी निकाल लागला तो सरांच्याही बोलण्याने नाही आणि माझ्या एक्सेलनेही नाही. स्टोअरचे तात्या चलनावर सही घ्यायला आत आले होते, ते दारातच उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "एकशेसाठ टन ठेवणार कुठं पण? जूनला पाऊस. मागच्या वर्षी मागच्या शेडमध्ये घोट्याएवढं पाणी आलं होतं, खालच्या थप्पीला सगळा गंज, पावडर कोटिंगवाल्याने परत पाठवला माल." भाऊंनी डोक्याला हात लावला. अर्थशास्त्रात एमए केलेले दोन जण समोर बसलेले आणि पाऊस कुणाच्याच लक्षात नाही, तेही रबाळ्यात, एप्रिल महिन्यात.

ठरलं असं की दीड महिन्याचा, म्हणजे ६० टन माल घ्यायचा, घर गहाण टाकायचं नाही, आणि मोठ्या दोन गिऱ्हाइकांना पत्र द्यायचं की कोटेशन पंधराच दिवस व्हॅलिड, पत्र्याचा भाव तीन रुपयांपेक्षा जास्त हलला तर फरक दोन्ही बाजूंनी द्यायचा-घ्यायचा. हे पत्र मी लिहिलं, मराठीत कच्चं आणि मग इंग्रजीत पक्कं. त्यातलं "दोन्ही बाजूंनी" भाऊंना अजिबात नको होतं, सरांनी हट्टाने ठेवलं, कारण नुसतं "वाढला तर द्या" म्हटलं असतं तर पर्चेसवाल्याने पत्र सरळ केराच्या टोपलीत टाकलं असतं.

मग मे महिना उजाडला. ४ तारखेला सगळे एलआयसीच्या आयपीओत गुंग, त्याच दिवशी दुपारी दोनला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास टीव्हीवर, मीटिंगचं वेळापत्रक सोडून मध्येच रेपो ४ वरून ४.४० केला, शिवाय सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवायचा हिस्सा) अर्धा टक्का वाढवला, सेन्सेक्स १३०० पॉइंट पडला. सरांनी जानेवारीतच वहीत लिहिलं होतं, "जून मीटिंगपर्यंत वाढ, ८० टक्के", आणि एका असोसिएशनच्या हॉलमध्ये तसं बोललेही होते. ०.०४ मार्क. झालं, फोनवर फोन, एका चॅनेलने बोलावलं, दोन लेक्चरं मिळाली. या अंदाजाचा एकाही क्लायंटला एक रुपयाचा फायदा झाला नव्हता बरं का. सगळ्यांची लोनं फ्लोटिंग, २०१९ च्या ऑक्टोबरपासून छोट्या उद्योगांची नवी फ्लोटिंग लोनं बाहेरच्या बेंचमार्कला जोडायचीच असा नियम, बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच धरलेला, तीन महिन्यांच्या आत व्याज वाढणारच. आधी कळून करणार काय होता?

आणि २१ मे. शनिवार संध्याकाळ. पेट्रोल-डिझेलची एक्साइज ८ आणि ६ रुपयांनी कमी केली म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज फिरत होते, त्याच घोषणेत खाली होतं की स्टीलच्या निर्यातीवर १५ टक्के ड्युटी, आयर्न ओअरवर ५० टक्के, उद्यापासून लागू. परदेशात जाणारा माल देशातच अडकला. सोमवारी कळंबोलीत कुणी रेटच देईना. जूनअखेर एचआर साठच्या आसपास आला होता.

सरांच्या वहीत ०.७ चा वर्ग, ०.४९. लाल पेनने.

हिशोब करू. भाऊंनी १६० टन घेतला असता तर तोपर्यंत पन्नासेक टन वापरून झाला असता, ११० टन अंगावर, पंधरा रुपयांनी साडेसोळा लाख. प्रत्यक्षात जेमतेम दहा टन महागाचा पडून होता, म्हणजे दीड लाख, आणि त्यातला काही भाग... नाही, इथे खरं सांगायला हवं, तो कुठूनच भरून निघाला नाही, उलट ते "दोन्ही बाजूंनी"वालं कलम गिऱ्हाइकांनी लगेच वापरलं आणि भाऊंना भाव उतरवून द्यावा लागला. भाऊ सरांवर चिडले ते तिथे. जुलैमध्ये फोन आला, स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला. "सर, तुम्ही सत्तर टक्के वर म्हणालात, खाली गेला. पत्र तुम्ही लिहायला लावलंत, त्यात पण माझेच गेले. मग मी महिन्याला पंचवीस हजार कशाचे देतोय?" सरांनी साडेसोळा लाखांची गोष्ट काढली, तर भाऊ म्हणाले ते तर तात्यांनी वाचवले. ऑगस्टपासून रिटेनर बंद.

शेजारचा कारखानदार, ज्याने माल उचलला होता, त्याचं काय झालं? त्याला फटका बसला, पण त्याच्याकडे पैसा होता, तो सोसून गेला. तेवढाच फटका भाऊंना बसला असता तर फ्लॅट गेला असता कदाचित. एकच भाव, एकच चूक, पण खिसे वेगळे.

आता माझं मत, जे मी तेव्हा सरांना सांगितलं नाही, नोकरीत होतो. चॅनेलवरच्या यशाचं आणि भाऊंच्या रागाचं सोडा, ते नशीब. पण सरांचा १० टक्के हा आकडाच चुकीचा होता, आणि ही चूक नशिबाची नाही. बघा ना, १२ एप्रिलला मार्चचा महागाईचा आकडा आला होता, ६.९५ टक्के, रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा ६. गडकरी तर त्याच्याही वर्षभर आधीपासून सिमेंट आणि स्टीलवाल्यांचं कार्टेल आहे म्हणून जाहीर बोलत होते, बिल्डर, कॉन्ट्रॅक्टर, छोटे इंजिनिअरिंगवाले सगळे ओरडत होते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे आधी झालेलं होतं! २००८ च्या मे महिन्यात, महागाई अंगाशी आली तेव्हा सरकारने स्टीलच्या निर्यातीवर ड्युटी लावलीच होती, आणि काही महिन्यांत काढलीही. सर तेव्हा बँकेत डेस्कवर बसलेले. पण २००८ म्हटलं की त्यांना क्रूडची ती नोट आठवायची, स्टीलची ड्युटी नाही. माणसाला स्वतःचं जिथे पोळलं तेवढंच वर्ष आठवतं.

मी नंतर घरी बसून तोच तक्ता २५ टक्क्यांनी करून पाहिला. वर ५५, स्थिर २०, खाली २५. पाच रुपये आणि पंधरा रुपये तेच. ३ लाख ३० वजा ४ लाख ५०, वजा व्याज १ लाख ५७. म्हणजे पावणेतीन लाख उणे. ऐंशी हजार अधिकचे पावणेतीन लाख उणे झाले. सरांनी हा आकडा भाऊंसमोर ठेवला असता तर तात्यांच्या पावसाची गरजच पडली नसती, आणि जुलैमध्ये "तुम्ही खाली म्हणाला नव्हता" असंही कुणी म्हणालं नसतं.

दुसरी चूक बोलण्याची. ७० ते मोठ्याने बोलले, १० हळू. मी शेजारी होतो, मला आठवतंय, सत्तर म्हणताना वहीवर बोट आपटलं होतं. गिऱ्हाईक ऐकतं ते बोट. मला वाटतं आधी "खाली गेला तर तुमचे १८ लाख जातील" हे म्हणायला हवं होतं आणि टक्के मग. सरांचं यावर म्हणणं असायचं की लोकांना दिशा हवी असते, दिशा नाही दिली तर पुढच्या महिन्यात चेक येत नाही. बरोबरच आहे त्यांचं. दिशा दिली, तरी आला नाही.

रॉजर बॅब्सनचं उदाहरण सर फार द्यायचे. अमेरिकेत १९२९ च्या ५ सप्टेंबरला त्याने शेअर बाजार कोसळणार असं भाषणात सांगितलं, ऑक्टोबरात कोसळला, बॅब्सन अमर झाला. तो हेच त्याच्या आधीपासून सांगत आला होता आणि तेव्हा ऐकून ज्यांनी विकलं ते मधली सगळी तेजी हुकले, हे कुणी लक्षात ठेवत नाही. आणि आयर्विंग फिशर, अर्थशास्त्रात त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस, त्याच ऑक्टोबरात म्हणाला की भाव आता कायमचे उंच पठारावर आलेत, आणि स्वतःचीही सगळी पुंजी घालवून बसला. सर ही गोष्ट चहा पिता पिता सांगायचे आणि हसायचे. भाऊ गेल्यावर काही महिने सांगितली नाही.

मी २०२३ मध्ये सरांचं काम सोडलं, नोकरी धरली, ऐरोलीला. ६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो एकदम अर्धा टक्का कापला, ५.५० वर आणला. बहुतेकांनी पाव टक्काच धरला होता, सरांनीही. संध्याकाळी सरांचा फोन, आवाजात मजा वाटत होती. म्हणाले, भाऊंचा आत्ता फोन आला होता, तीन वर्षांनी. पहिलं वाक्य, "सर, परत चुकलात की हो!" आणि मग कामाचं. फायबर लेझर कटिंग मशीन घ्यायचंय, टर्म लोनवर. "रेट अजून खाली जाईल की नाय ते राहू द्या. ऑर्डरी एक तृतीयांश कमी झाल्या तर हप्ता भरता येईल का तेवढं काढून द्या. आणि फी जुनीच हां, वाढवायची नाय."

सरांना जुनी एक्सेल हवी होती, त्यांच्याकडची लॅपटॉपसोबत गेली. माझ्या मेलमध्ये सापडली. उघडली तर पत्र्याच्या भावाच्या चौकटीत अजून ७५ तसाच, आणि शेवटच्या शीटला मी तेव्हा घाईत दिलेलं नाव, "तात्या पाऊस". रिकामी होती ती. तशीच पाठवली.